सारवलेला पियानो

आमच्या घरी आलेल्या पियानोला सहा पाय होते. चार लाकडाचे आणि दोन पितळेचे. लाकडी पायांविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

हे वाक्य मी आयुष्यभर पाहुण्यांना ऐकवत आलो. त्यावर सिंधू, म्हणजे माझी बायको, आतल्या खोलीतून म्हणायची, "पाचवा-सहावा सोडा. तरास दिला तो सातव्या-आठव्या पायानं. ते तुमचे होते." सिंधू गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. घर फार गप्प आहे. गप्प घरात लेखन चांगलं होतं असं मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं होतं. तसं काही नसतं. पण परवा कागद पुढे ओढला आणि सगळ्यांत आधी तो पियानोच आठवला, आणि मी खुर्चीत एकटाच इतका हसलो की शेजारची सून काळजीने खिडकीतून डोकावून गेली.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. मी मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. बल्लारपूरकडच्या एका कोळशाच्या खाणीवरचा गोरा साहेब मायदेशी जायला निघाला. त्याचं फर्निचर खपलं, बंदूक खपली, कुत्रीसुद्धा लोकांनी हौसेने नेली. पियानो मात्र कोणी फुकटही घेईना. तेव्हा साहेबाने तो मुलींच्या नव्या शाळेला दान केला. शाळेच्या छपरावर अजून कौलं चढायची होती, फळे यायचे होते, निम्म्या मुलीही यायच्या होत्या. पण पियानो आला! शाळेच्या अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं : गायनाच्या बाईंची जागा भरायची ती या वाद्यावर शाळेची प्रार्थना वाजवून दाखवणारीलाच. परीक्षा घ्यायला नागपूरहून शाळातपासणीच्या बाई येतील. तोपर्यंत वाद्य ठेवायचं कुठे? तर अध्यक्ष म्हणाले, वाद्य इंग्रजी आहे, इंग्रजीच्या मास्तरांकडे ठेवा, परीक्षाही तिथेच घेऊ.

(या न्यायाने गावातले सगळे इंग्रजी कुत्रेही माझ्याकडेच यायला हवे होते. पण ते असो.)

ती जागा सिंधूला हवी होती. इतकी हवी होती की ती त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. तिचं माहेर जवळच्याच सावली गावचं. वडील भजनी मंडळात पायपेटी वाजवत, आणि त्यांच्या मांडीवरून उतरून ही थेट पेटीच्या बाकावर जाऊन बसलेली. पायपेटी म्हणजे टेबलासारखी उभी पेटी. हात पट्ट्यांवर, आणि खाली दोन्ही पायांनी आळीपाळीने दोन फळ्या दाबत राहायच्या, म्हणजे भात्यात हवा भरते. पाय थांबले की पेटी थांबली. सिंधू पायपेटीवर बसली की तिचे पाय आपोआप चालायला लागत, जसे विणणाऱ्या बाईचे हात चालतात.

शेवटी एके सकाळी तांदूळ निवडता निवडता तिने माझ्या आईला विचारलंच. आईने सुपातला एक खडा बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाली, "त्या नागपूरच्या बाईपुढं वाजवून दाखव. वाजलं त खुशाल नोकरी कर, चार लोकं काय म्हनतीन ते मी पाहून घेईन. नाई वाजलं त पुन्हा मले विचारू नको."

आई एकदा बोलली की बोलली. घरात अपिलाची सोय नव्हती.

पियानो आणायला मी स्वतः बल्लारपूरला गेलो. खाणीवरच्या हमालांनी तो बैलगाडीत चढवला आणि गाडीवानाने जाड दोर घेऊन पियानोच्या पोटाखालून असा करकचून आवळला, की ते दोन पितळी पाय दोराखाली पार दबून गेले. गाडी निघाली. मी पुस्तक उघडलं. पहिल्या खड्ड्यात चाक गेलं मात्र, पियानोच्या आतून असा एक हुंकार निघाला की जणू विहिरीच्या तळाशी कोणी देवळातल्या सगळ्या घंटा एकदम हलवल्या. आणि तो थांबेना. तो विरतो न विरतो तोच दुसरा खड्डा.

गाडीवान मागे न बघता म्हणाला, "मास्तर, आत कोनी हाये का?"

मी म्हटलं, कोणी नाही, नुसत्या तारा आहेत.

"मंग माह्याशी काऊन बोलून राह्यल्या?"

बोलत होत्या खऱ्या. त्याने बैलांना "हैऽऽ" म्हटलं की मागून पियानोही जड आवाजात "हैऽऽ" म्हणायचा. एका मालकाचा हुकूम बैल समजून घेतात. पाठीमागून दुसरा, न दिसणारा मालकही तेच सांगू लागला तेव्हा त्यांनी विचार करणं सोडून दिलं आणि ते उधळले. रस्त्याकडेला मोहफुलं वेचणाऱ्या बायका टोपल्या टाकून झाडांमागे गेल्या. बल्लारपूरहून चांद्याला इतक्या झटपट बैलगाडी त्यापूर्वी कधी पोचली नसेल. दारात दोर सोडला, पितळी पाय वर उठले, आणि पियानो एकदम मुका झाला. यावरून शहाण्या माणसाने काहीतरी शिकायला हवं होतं. मी एवढंच शिकलो की बल्लारपूरचा रस्ता फार खराब आहे.

सिंधूने पियानो माजघरात भिंतीशी लावून घेतला, पदर खोचला, बसली, आणि दोन्ही पाय त्या पितळी पायांवर ठेवून सवयीने हवा भरू लागली. डावा, उजवा, डावा, उजवा. सूर निघत होते, पण विचित्र. मध्येच घुमायचे, मध्येच गळा दाबल्यासारखे तुटायचे. तिने जोर वाढवला. घाम आला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हवा कमी पडून राह्यली, बाई. अजून भर." सिंधूने अजून भरली. पियानो हलायला लागला, भिंतीवरची तसबीर हलायला लागली, पण सूर काही सरळ येईना.

तेव्हा आम्ही करीमभाईंना बोलावलं. करीमभाईंचं दुकान चौकात होतं. ते हार्मोनियम, सायकल आणि स्टोव्ह दुरुस्त करत, आणि तिन्हींत हवेचाच प्रश्न असतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी पियानोभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, मागच्या फळीला कान लावला, खालची फळी काढली आणि आत डोकं घातलं. बराच वेळ ते डोकं आतच होतं. मग बाहेर आलं ते अत्यंत गंभीर होऊन.

"मास्तर, धोका झाला. भाताच नाई याच्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे साहेबानं भाता काढून घेतला अन् खोका दिला तुमाले. दांड्या हाय, तारा हाय, हवा भरायले जागाच नाई. दान म्हनते, अन् फेफडं काढून घेते. वा रे साहेब!"

त्यांनी बकरीच्या कातड्याचा नवा भाता बसवून द्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं, थांबा, आधी पुस्तकात पाहू. शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश होता. त्यात पियानोवर बोटभर मजकूर होता. त्यात लिहिलं होतं की उजवा पाय मोठ्या आवाजाचा आणि डावा हळू आवाजाचा. झालं! मला एवढा उत्साह चढला की मी धावतच घरी आलो. परीक्षेला घरात तपासणीच्या बाई, अध्यक्ष, एवढी मंडळी ऐकायला असणार. तेव्हा मोठा आवाज हवाच. मी सिंधूला सांगितलं, उजवा पाय दाबायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडायचाच नाही. पुस्तकात आहे.

तिने तसं केलं. पहिला सूर अप्रतिम घुमला. आई बाहेर येऊन उभी राहिली. दुसरा सूर पहिल्यात मिसळला, तिसरा दुसऱ्यात, आणि चौथ्या-पाचव्या सुरापर्यंत त्या प्रार्थनेची अशी खिचडी झाली की त्यातला देव कुठला आणि भक्त कुठला ते ओळखू येईना.

"तुमच्या पुस्तकाले कान नाई," सिंधू म्हणाली.

मग तिने जे केलं ते मला, पदवीधर माणसाला, सुचलं नव्हतं. तिने पियानोची वरची झडप उघडली, पुढची फळी काढली आणि माझ्याकडे कंदील देऊन म्हणाली, धरा. आत तारांच्या उभ्या रांगा होत्या. प्रत्येक तारेसमोर जाड लोकरी बनातीने मढवलेली एक हातोडी, आणि प्रत्येक तारेवर बनातीचीच एक चिमुकली गादी टेकून बसलेली. सिंधूने एक पट्टी दाबली. त्या एकाच तारेवरची गादी मागे झाली, हातोडी पुढे येऊन ठोकून गेली, सूर निघाला. पट्टी सोडली, गादी परत तारेवर येऊन बसली, सूर बंद! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने परत दाबली, परत सोडली. मग पाय पुढे करून तिने उजवा पितळी पाय दाबला आणि आतल्या सगळ्या गाद्या एकदम, कवायतीला उभ्या असल्यासारख्या, तारांवरून मागे हटल्या.

"अवो, पाहा! सगळ्याइचे तोंडावरचे हात काढले!" ती कंदिलाच्या उजेडात लहान मुलीसारखी हसत होती. हवा नव्हतीच. भाता नव्हताच. उजवा पाय दाबून ठेवला की कोणत्याच तारेला गप्प करणारं कोणी उरत नाही. एकदा वाजलेलं वाजतच राहतं. आणि डावा दाबला की हातोड्यांची सगळी रांग तारांच्या जवळ सरकते, म्हणून त्यांना धाव कमी मिळते आणि त्या हळू ठोकतात. मी ज्ञानकोशाशी ताडून पाहिलं. ज्ञानकोश बरोबर होता. फक्त मोठा आवाज म्हणजे काय, हे त्याने माझ्यावर सोपवलं होतं.

(करीमभाईंना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तरीबी भाता लावला असता त चांगलं झालं असतं.")

त्यानंतरचे दिवस सोन्याचे होते. सिंधूला युक्ती सापडली. सूर बदलला की उजवा पाय क्षणभर उचलायचा, गाद्यांना जुना सूर पुसू द्यायचा, आणि परत दाबायचा. जन्मभर चालणाऱ्या पायांना तिने थांबायला शिकवलं. प्रार्थना स्वच्छ वाजू लागली. आई सुपारी कातरत ऐके आणि काही बोलत नसे, म्हणजे तिला आवडत होतं.

आता अडचण एकच होती. आमची जमीन मातीची, शेणाने सारवलेली, आणि पियानो दगडासारखा जड. तो रोज थोडा थोडा जमिनीत रुतत होता. रुतता रुतता पितळी पाय जमिनीला टेकायला आले. दाबायला जागाच उरेना. पियानो उचलायचा तर पुन्हा हमाल हवे. मी विचार केला, पियानो वर जात नसेल तर जमीन खाली गेली पाहिजे. (इथून ते सातवे-आठवे पाय सुरू होतात.) मी खुरपं घेतलं आणि दोन्ही पितळी पायांखाली छान, खोल, गोल खड्डे खोदले. पाय मजेत खाली-वर होऊ लागले. मला स्वतःचा अभिमान वाटला.

आईला नाही वाटला. "राहत्या घरात खड्डा खांदत असते का कोनी?" ती म्हणाली. मी तिला गाद्यांपासून हातोड्यांपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सिंधू महाकालीच्या देवळात नारळ ठेवायला गेली आणि मी शाळेत होतो. परत आलो तेव्हा घरभर ओल्या सारवणाचा वास, अंगणात सडा, आणि पियानोवर वरपासून जमिनीपर्यंत चादर घातलेली. आई म्हणाली, शिंतोडे उडू नये म्हणून झाकला, आता जमीन ओली हाये, कोणी तिकडं जाऊ नका. पाहुणे येणार म्हणून म्हातारीने एवढं केलं हे पाहून सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. चांद्याच्या चैत्रात ओली जमीन सकाळपर्यंत विटेसारखी होते, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

सकाळी मंडळी आली. अध्यक्ष आले, करीमभाई हत्यारांची पेटी घेऊन न बोलावता आले ("वेळ पडली त असू द्या"), आणि त्यांच्यामागून तपासणीच्या बाई. उंच, चष्मा लावलेल्या, खणखणीत आवाजाच्या. आईने अभिमानाने चादर ओढून काढली. बाईंनी उंबऱ्यातून हात जोडले आणि म्हणाल्या, "नमस्कार."

"ओंऽऽऽ," कोपऱ्यातून उत्तर आलं.

बाई थबकल्या. "आत कोणी आजारी आहे का?"

मी म्हटलं, नाही, तो पियानो आहे. माझंही वाक्य पियानोने खालच्या पट्टीत पुन्हा म्हटलं. अध्यक्ष खोकले, पियानो खोकल्यासारखा घुमला. आईचा चेहरा उजळला. ती हळूच बाईंना म्हणाली, "पाव्हन्याले ओ देते. गुनाची हाये."

माझं लक्ष खाली गेलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण जमिनीत तो कुठेच नव्हता. जिथे दोन पितळी पाय असायला हवे होते तिथे गुळगुळीत सारवलेली जमीन होती आणि तिच्यावर रांगोळीचं टपोरं कमळ काढलेलं होतं.

मी आईजवळ सरकलो. "आई, पेटीचे पाय कुठी गेले?"

"बुजवले."

"बुजवले म्हणजे?"

"पाव्हन्याच्या पायात आले असते नं. खाली दाबले, वर एक एक वीट ठेवली, मुरूम भरला, चोपन्यानं चोपला. अन् घरात खड्डा बी नाई राह्यला." आणि मग, माझा चेहरा पाहून, "काऊन? त्याले चालाचं होतं का कुठी?"

सांगायला वेळ नव्हता. सिंधू बसली होती. पितळी पाय जमिनीत गाडलेले, म्हणून सगळ्या गाद्या तारांवरून मागे. एकाही तारेच्या तोंडावर हात नाही. आणि तिला ते अजून माहीत नव्हतं. तिने प्रार्थनेची पहिली ओळ वाजवली. दुसरी ओळ पहिलीच्या अंगावर चढली. तिसरी त्या दोघींच्या. तिचा पाय घाईने पितळी पाय शोधू लागला आणि कमळावरून घसरला. तिने हात उचलले. पियानो वाजतच राहिला.

"संपली का?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"अजून चालू आहे," बाई म्हणाल्या.

सिंधूने आधी जमिनीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा झाला होता. ती नोकरी, तो सुपातला खडा, पुन्हा मले विचारू नको. सगळं त्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. आणि मी आयुष्यात जे क्वचितच केलं ते केलं. पुस्तक न बघता कृती केली. कोपऱ्यातलं खुरपं उचललं, "माफ करा" म्हटलं, आणि धोतर सावरून पियानोपुढे पालथा पडलो.

बाईंनी विचारलं, हे काय करताहेत?

"त्याले सवय हाये," आई म्हणाली.

मी खरवडू लागलो. चैत्राच्या उन्हात भाजलेली जमीन! प्रत्येक खरडीबरोबर पियानो वरून कण्हत होता. करीमभाई उत्साहाने छिन्नी-हातोडी घेऊन पुढे आले, अध्यक्षांनी त्यांचा सदरा धरून ठेवला. मी खालूनच ओरडून सांगितलं की फार वेळ लागणार नाही, आणि पियानोनेही तेच आश्वासन दिलं.

आणि मग माझ्या डोक्यावर एक सूर वाजला. एकच. षड्ज. सिंधूने तो हळूच टेकवला आणि ती थांबली. डावा पायही गाडलेला होता, म्हणून हातोडी अगदी अलगद लागली. उजवा गाडलेला होता, म्हणून सूर मिटला नाही. तो तंबोऱ्यासारखा खोलीभर पसरला. मग पंचम. मग पुन्हा षड्ज. बाकी एकाही पट्टीला तिने हात लावला नाही. आणि त्या घुमाऱ्यावर तिने प्रार्थना गायला सुरुवात केली.

मी पालथा होतो, माझा कान लाकडाला टेकलेला होता. ती जो सूर लावायची, आतली त्याच सुराची तार, कोणी न छेडता, तिच्या मागोमाग थरथरायची. ती वर गेली की वरच्या तारा जाग्या व्हायच्या, खाली आली की खालच्या. खोलीत जणू एक बाई गात होती आणि तिच्या मागे, खूप लांब, सावलीचं अख्खं भजनी मंडळ. कोणी खोकत नव्हतं. आई सुपारी कातरायची थांबली होती.

कोणीही शहाणा माणूस अशा वेळी खुरपं खाली ठेवतो. पण मी कामाला एकदा लागलो की लागलो. प्रार्थनेचा शेवटचा, सगळ्यांत उंच सूर तिने लावला आणि त्याच क्षणी माझं खुरपं विटेखाली शिरलं.

वीट उडाली. उजवा पितळी पाय सुटला तो सटकन माझ्या नाकावर. आत सगळ्या गाद्या एकदम तारांवर पडल्या, ठप्प! खोलीतलं सगळं घुमणं एका झटक्यात मेलं. जसं अख्ख्या भजनी मंडळाच्या तोंडावर कोणी घोंगडी टाकावी. आणि त्या मुक्या शांततेत सिंधूचा आवाज तेवढा उरला, एकटा, न डगमगता. तिने तो सूर पुरा धरला, सावकाश खाली आणला आणि ठेवला.

 मग बाईंनी विचारलं की घुमणं आणि ते अचानक थांबणं, हे मुद्दाम योजलं होतं का. अध्यक्ष "हो" म्हणायला निघाले होते, पण सिंधूने सगळं खरं सांगून टाकलं. खड्डे, सारवण, विटा. नुसतं सांगून थांबली नाही. उठून पुढची फळी काढली आणि बाईंना गाद्या दाखवल्या, हातोड्या दाखवल्या, कोणता पाय काय करतो ते दाखवलं. बाई चष्मा सावरत आत वाकल्या. नागपुरात त्यांनी पियानो पुष्कळ ऐकले होते, पण आत डोकावायला कोणी दिलं नव्हतं. दोघी बायका त्या पेटीत डोकी घालून अशा काही बोलत होत्या की खाली एक मास्तर नाक धरून पडलाय हे सगळे विसरले.

शेवटी बाई सरळ झाल्या आणि आईकडे वळल्या. "माझी हरकत नाही. मुली हिच्याकडे शिकतील. तुमचं काय म्हणणं आहे?"

सिंधू परत बाकावर येऊन बसली. तिचे हात मांडीवर घट्ट होते.

आई विचारात पडली. "मी म्हनलं होतं, वाजलं त जाय. आता हे वाजलं म्हनाचं का नाई, मलेच समजून नाई राह्यलं." ती पियानोपुढे येऊन उभी राहिली आणि घरातल्या मोठ्या बाईशी बोलावं तशी त्याला मोठ्याने म्हणाली, "काय वो बाई, वाजल्या का तुम्ही?"

मी जमिनीवर होतो म्हणून ते फक्त मला दिसलं. आई पियानोशी बोलू लागली तेव्हाच लुगड्याच्या काठाखालून सिंधूचं पाऊल पुढे आलं होतं आणि मुरमातून मोकळ्या झालेल्या त्या पितळी पायाला, आवाज न करता, दाबून बसलं होतं.

"ओंऽऽऽ," पियानो म्हणाला.

"हो म्हनते," आई म्हणाली. "जाय मंग."

नेमणूक त्याच दिवशी तोंडी पक्की झाली. निघताना बाई उंबऱ्यात थांबल्या. एकच अट आहे, त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी उठून उभा होतो. नाक सुजलेलं, हातात खुरपं, गालावर रांगोळीच्या पाकळ्या. "पियानो शाळेत हलवला, की या गृहस्थांना त्याच्याजवळ येऊ द्यायचं नाही."

अध्यक्षांनी ही अट फार मनावर घेतली. त्यांच्यानंतरच्या अध्यक्षांनीही घेतली. सिंधू त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवत होती, आणि रोज शाळा सुटायच्या वेळी मी कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली उभा राहून शेवटचा तास ऐकत असे. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देत : पाहा, मास्तर कसे रोज बायकोची वाट पाहत उन्हात उभे राहतात. मी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. फाटकावरच्या शिपायाला मला आत सोडायची मनाई होती, एवढंच.